मांगची गाठ

यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत मी एकवीस वर्षं नोकरी केली आणि एवढ्या वर्षांत माझ्या सासरच्यांना माझं काम नेमकं काय ते कळलं नाही. जिनिंग-प्रेसिंगमध्ये आहे म्हटलं की त्यांना वाटायचं मी कापूस मोजते. कॉम्प्युटरवर आहे म्हटलं की वाटायचं पावत्या टाइप करते. मी गाठींचे खण उघडून बघते, असं एकदा खरं सांगून पाहिलं, तर नणंदेने माझ्याकडे काळजीने बघितलं. तेव्हापासून मी सांगणं सोडून दिलं. आता निवृत्त झाले आहे, वेळ आहे, आणि एक गोष्ट बरीच वर्षं घशात अडकून बसली आहे, म्हणून लिहिते.

आधी धंदा समजून घ्या. शेतातून कापूस येतो, जिनावर त्यातली सरकी वेगळी होते आणि रुई उरते. ती रुई प्रेसमध्ये दाबून तिची गाठ बांधतात. एक गाठ पावणेदोन क्विंटलच्या आसपास, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली, अंगावर रंगाने घातलेला नंबर. एका ट्रकमध्ये अशा शंभर. गाठ एकदा बाहेर पडली की तिच्या पोटात काय आहे ते कोणालाच दिसत नाही. ते कळावं म्हणून माझी नोकरी होती.

आमच्या मालकांचे एक आतेभाऊ होते. बाहेर कुठेतरी आयुष्यभर शिकवून यवतमाळला परतलेले. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणत असू. कॉम्प्युटरच्या साऱ्या भाषांमध्ये त्यांना लिस्प नावाची एकच भाषा माणसांची वाटायची. त्यांनी त्या भाषेत आमच्या कारखान्याचा प्रोग्राम लिहिला, मला दोन महिने शिकवलं, आणि तब्येत बिघडली तेव्हा मुलाकडे निघून गेले. मागे एक वही ठेवली. तिची अर्धी पानं कोरी होती.

सरांनी मला समजावलं होतं ते असं. गाठ नावाचा एक साचा आहे, त्याला वर्ग म्हणायचं. कारखान्यातली प्रत्येक खरी गाठ म्हणजे त्या साच्यातून निघालेली एक पेटी. त्या पेटीला खण आहेत: नंबर, दाबल्याची वेळ, ओलावा, तापमान, प्रत, ठिकाण, शेरा. इंग्रजीत त्याला स्लॉट म्हणतात, पण आमच्या ऑफिसात खणच चाललं. नेहमीच्या पडद्यावर यातले दोन-तीनच खण दिसायचे. बाकीचे बघायचे तर प्रॉम्प्टवर जावं लागे. प्रॉम्प्ट म्हणजे ती एकटी ओळ, जिथे यंत्र तुमच्या प्रश्नाची वाट बघत थांबतं. तुम्ही विचारायचं, त्याने उत्तर द्यायचं, की पुन्हा ते वाट बघायला मोकळं. ‘डिस्क्राइब’ म्हटलं की ते गाठीचे सगळे खण एकाखाली एक उलगडून दाखवायचं. मला ते फार आवडायचं.

एखादा खण असतो पण त्यात कधी काही ठेवलेलंच नसतं. यंत्र त्याला ‘अनबाउंड’ म्हणतं. शून्य वेगळं आणि हे वेगळं. आमच्या एका कारकुनाला हे कळायचं नाही. ओलावा अनबाउंड दिसला की तो पावतीवर शून्य टक्के लिहून मोकळा. एक व्यापारी ती पावती घेऊन माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, “ताई, हा कापूस शेतातला हाय का दुकानातला? शून्य ओलावा तं माह्या हाडाइतबी नाही.” त्या दिवसापासून मी प्रॉम्प्टवर कोणाला बसू देत नव्हते. फक्त रुईची प्रत ठरवणारे आमचे ग्रेडर वानखडे साहेब सोडून.

आता चांदणीचं सांगते, कारण सगळं तिच्यावर येऊन ठेपतं. दर वेळी नंबर पुन्हा लिहायचा कंटाळा, म्हणून या भाषेत एक सोय आहे. प्रॉम्प्टवर नुसती चांदणी टाकली, * अशी, की तिचा अर्थ होतो आत्ताचं शेवटचं उत्तर. दोन चांदण्या म्हणजे त्याच्या आधीचं. तीन म्हणजे त्याच्याही आधीचं. तिथे संपलं. चौथी चांदणी नाही. जिनावरचा फिटर मुनीर एकदा माझ्या मागे उभा राहून हे बघत होता. म्हणाला, “म्हंजे मांगचं, त्याच्या मांगचं, अन् त्याच्याबी मांगचं.” तेव्हापासून कारखान्यात चांदणीचं नाव ‘मांगचं’ पडलं. मागची गाठ बघायची असली की वानखडे साहेबसुद्धा म्हणायचे, “मॅडम, मांगचीचा ओलावा सांगा जरा.” आम्ही सगळे असं समजून चाललो होतो की मांगचं म्हणजे माझ्या हातातलं. खरं तर ते यंत्राचं शेवटचं उत्तर असतं, प्रश्न कोणी का विचारलेला असेना.

ती कापसाची फार वाईट वर्षं होती. बाहेरगावचे पत्रकार यायचे, सगळ्यांना एकाच प्रकारचा फोटो हवा असायचा, तो मिळाला की जायचे. आमच्याकडे त्याचा अर्थ एवढाच होता की जो कापूस येईल तो घ्यायचा. वेचणीत पाऊस झालेला, बोंडअळीने खाल्लेला, खताच्या पिशव्यांत कोंबलेला कापूस. त्यात गोटे निघायचे, खिळे निघायचे, एकदा विळ्याचं अर्धं पातं निघालं. असं लोखंड जिनात गेलं की ठिणगी उडते. ठिणगी दिसली तर मुनीर दोन मिनिटांत विझवतो, त्याची भीती नाही. भीती न दिसलेल्या ठिणगीची. ती रुईबरोबर वाहत प्रेसमध्ये जाते आणि गाठीत दाबली जाते. हवा नाही म्हणून पेटत नाही, पण विझतही नाही. आत धुमसत राहते. कधी चार तासांनी, कधी चार दिवसांनी गाठ बाहेरून पेटते. म्हणून नियम होता: जिनावर ठिणगी उडाली की त्यानंतरच्या दहा मिनिटांत दाबलेल्या गाठी बाजूला काढायच्या, आत सळई खुपसून तापमान घ्यायचं, आणि आठवडाभर उघड्यावर ठेवायच्या.

त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास चार नंबरच्या जिनावर ठिणगी उडाली. मुनीरने विझवली. पाळी बदलायची वेळ होती, हमाल जेवायला निघालेले. अर्ध्या तासाने मुनीर माझ्या दारात आला. त्याच्या भुवयांवर रुई होती.

“ताई, बाजूले दोनच गाठी हायेत. पंधरा अन् सोळा. तिसरी असाले पाह्यजे.”

नंबर दर हंगामात एकपासून सुरू व्हायचे; त्या दिवसाचे चारशेपासून चालू होते. मी वेळेचे खण बघितले. चारशे पंधरा, सोळा आणि सतरा या तिघी त्या दहा मिनिटांतल्या. अठरा नंतरची. म्हणजे चारशे सतरा कुठेतरी होती, पोटात आग घेऊन किंवा न घेता. मी प्रॉम्प्टवर चारशे सतरा मागितली. यंत्राने ती दिली. आता फक्त तिचा ठिकाणाचा खण उघडायचा होता.

तेवढ्यात मालक आवारातून ओरडले, “किती नंबर?” मी उठून दारात गेले, नंबर सांगितला, मुनीरला दोन हमाल बोलवायला लावलं. दीड मिनिट गेलं असेल, जास्त नाही. परत येऊन बसले. पडद्यावर शेवटी मागणीच्या सारख्या दिसणाऱ्या दोन ओळी होत्या, प्रत्येकीखाली तिचं उत्तर. सरांचं एक काम राहून गेलं होतं: गाठ मागितली की उत्तरात तिचा नंबर उमटत नसे, ‘गाठ’ एवढा शब्द आणि पुढे मेमरीतला लांबलचक पत्ता. मला वाटलं, घाईत मीच दोनदा एंटर मारलं. मी चांदणी टाकून ठिकाण विचारलं. उत्तर आलं: गोदाम दोन, तिसरी रांग, खालून दुसरी.

मी ओरडून सांगितलं. सगळे गोदाम दोनकडे धावले.

माझं टेबल भिंतीकडे तोंड करून होतं आणि पाठीमागे खिडकी. खिडकीबाहेर वजनकाटा. त्या वेळी काट्यावर जब्बारचाचांचा ट्रक उभा होता, वणीमार्गे पुढे चंद्रपूरकडे जाणारा, आणि त्याच्या मागे उमरखेडमार्गे जाणारा दुसरा. जब्बारचाचा आमच्याकडचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. कागद घ्यायला आले की दारातून विचारायचे, “ताई, माह्या गाडीचं लगन लागलं का?” कागद हातात दिले की म्हणायचे, “चला, बिदाई झाली.” त्या दिवशी चाचीही बरोबर होत्या. वणीला लेकीकडे चालल्या होत्या, मांडीवर डबा घेऊन केबिनमध्ये बसल्या होत्या. चाचांनी खिडकीतून नेहमीप्रमाणे विचारलं, मी मान न वळवताच कागद मागे धरले आणि म्हटलं, “जा चाचा, आज इथं गडबड आहे.” हे शब्द माझेच आहेत. ते मला अजून ऐकू येतात.

तिसऱ्या रांगेतली खालून दुसरी गाठ काढायची म्हणजे वरच्या सगळ्या उतरवायच्या. वीस मिनिटं गेली. मग मुनीर धावत आला, दाराची चौकट धरून उभा राहिला.

“ताई, ते तं एकाहत्तर होय. चारशे एकाहत्तर. मांगच्या हंगामाची शिल्लक. थंडगार हाय.”

मी पडदा बघितला. दोन ओळी. वरच्या ओळीत ४१७. खालच्या ओळीत ४७१. दोन्ही मी पाहिल्या होत्या. मला सतरा हवी होती म्हणून मला दोनदा सतरा दिसली.

“एकाहत्तर मी मागितली होती,” वानखडे साहेब मागून म्हणाले. “व्यापाऱ्याचा फोन होता. प्रत पाहाची होती. मंग फोन कटला.”

त्यांना हे मीच शिकवलं होतं. साहेब, दर वेळी मला हाक मारू नका, नंबर घाला आणि एंटर मारा.

मी गेटवर फोन लावला. “दोन्ही गाड्या गेल्या, ताई,” गेटवाला म्हणाला. “दहा मिन्टं झाले. पावत्या फाडल्या.”

पावती फाडली की गेटवरच्या पडद्यावरून नोंद होते, आणि त्या ट्रकच्या शंभर गाठी आमच्या यादीतून निघून जातात. गेटच्या पावतीवर गाठींची फक्त संख्या असते, नंबर नसतात. गाडीत चढलेल्या गाठीचं ठिकाण यंत्रात भरायचा तो काट्यावरचा कारकून, आणि तो जेवायला गेला होता. हमालांना विचारलं तर ते म्हणाले, शंभराला एक कमी पडत होती, प्रेससमोरची उचलून टाकली. कोणत्या ट्रकमध्ये, त्यावर दोघांत एकमत होईना. चाचांकडे मोबाइल नव्हता. दुसऱ्या ड्रायव्हरचा लागत नव्हता. आवारात जीप एकच, आणि गाठ उतरवायला आकडे घेतलेली चार माणसं हवीत. वणीचा रस्ता एकीकडे, उमरखेडचा दुसरीकडे. आणि चाचा यवतमाळ सोडताना नेहमी एकाच पंपावर डिझेल भरायचे. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि तिथला फोन सारखा गुंतलेला लागत होता.

मालक म्हणाले, “पुन्हा मागा न चारशे सतरा. बसल्या काहून?”

माझी बोटं खाली जातच होती. तेव्हा मला कळलं की यादीत चारशे सतरा आता नाही. मागितली तर यंत्र ‘काही नाही’ म्हणेल, आणि ते ‘काही नाही’सुद्धा एक उत्तर होईल. ते पहिल्या चांदणीत जाऊन बसेल आणि बाकीचे एकेक पाऊल मागे सरकतील. मी हात वर उचलले आणि बोटांवर मोजलं. शेवटचं उत्तर, गोदामाचा पत्ता: एक चांदणी. त्याच्या आधी वानखडे साहेबांची एकाहत्तर: दोन. त्याच्या आधी माझी सतरा: तीन. यादीतून गेलेली ती गाठ आता साऱ्या यंत्रात एकाच जागी उरली होती, तिसऱ्या चांदणीत. आणखी एक एंटर, कसलाही, आणि ती तिथूनही घसरणार. ज्याला कोणीच धरलेलं नाही ते या भाषेतलं यंत्र केरासारखं झाडून टाकतं.

वानखडे साहेबांना वाटलं मला सुचत नाहीये. त्यांनी मदतीला हात पुढे केला. मी त्यांच्या हातावर चापट मारली, सगळ्यांसमोर, जोरात. “हात लावू नका,” मी म्हटलं. “तुमच्यामुळेच झालं हे.”

मग मी तीन चांदण्या लिहिल्या. पण खण उघडायला सांगितले नाहीत. आधी त्या उत्तराला नाव दिलं, ‘पकड’ असं. नाव दिलं की वस्तू घसरत नाही. एकेक अक्षर मी दोनदा बघितलं, या भाषेत सगळं कंसांत लिहावं लागतं ते कंस मोजले, आणि एंटर मारलं. गाठ आली. मग ‘पकड’चे सगळे खण उलगडले. नंबर चारशे सतरा. तापमान अनबाउंड, म्हणजे सळई कोणी घातलीच नव्हती. ठिकाण: वणीची गाडी, मागची ओळ, वरून पहिली.

जीप गेली. मुनीर आणि चार हमाल.

मालकांचा पंपावर एकदाचा फोन लागला. तिकडचा माणूस म्हणाला, चाचा डिझेल भरून गेले, पाच-सात मिनिटं झाली असतील. मालक खुर्चीवर बसले. पंपावर काही झालं नव्हतं, आणि आता टाकी भरलेली होती. त्यानंतर पाऊण तास कोणाचाच फोन नाही. मी पडद्यावरचे ते खण वाचत बसले. तापमान, अनबाउंड. कितीदा वाचलं याचा हिशेब नाही. वानखडे साहेब दाराजवळ उभे होते, उजवा हात डाव्या हाताने धरून.

फोन आला तो रस्त्यावरच्या एका टेलिफोन बूथवरून. मुनीर होता. “भेटले, ताई. चाची ठीक हायेत. चाचाचा हात भाजला.”

झालं ते असं. वणी रस्त्याला एका चढावर जीपने ट्रक गाठला. ताडपत्रीच्या मागच्या शिवणीतून बारीक धूर निघत होता. पाठीमागचा धूर ड्रायव्हरला कुठून दिसणार? चाचांनी गाडी बाजूला घेतली, आधी चाचींना उतरवून शेताच्या बांधापलीकडे नेऊन बसवलं. ताडपत्री सोडल्याबरोबर हवा लागली आणि गाठ भपकन पेटली. हमाल मागे सरले. चाचा स्वतः वर चढले, आकडा टाकला आणि गाठ ओढली. ती रस्त्यावर पडून फुटली. बाकीच्या नव्व्याण्णव वाचल्या. चाचांचा उजवा हात तळव्यापासून मनगटापर्यंत भाजून निघाला. हात राहिला, पण बोटं पुन्हा नीट मिटली नाहीत. त्यांनी त्यानंतर ट्रक चालवला नाही.

संध्याकाळी मालकांनी विचारलं, “चुकलं कुठं?” मी म्हटलं, “मधे साहेबांनी यंत्राला हात लावला.” यात खोटं एक अक्षर नव्हतं. मालक म्हणाले, “साहेब, उद्यापासून त्या कॉम्प्युटरपाशी जायचं काम नाही.” वानखडे साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. दुसऱ्या दिवसापासून ते प्रत कागदावर लिहू लागले आणि कागद माझ्या टेबलावर ठेवून जाऊ लागले. मला बरं वाटलं, हेही लिहून टाकते. कोणाला तरी दोष लागला होता आणि तो मला लागला नव्हता.

तीन आठवड्यांनी मी चाचांच्या घरी गेले. चाचींनी चहा दिला. चाचांचा हात पांढऱ्या पट्टीत मांडीवर ठेवलेला होता. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, चांदण्या, खण, साहेबांनी मधेच मागितलेली एकाहत्तर. चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना त्यातलं किती कळलं माहीत नाही.

मग म्हणाले, “ताई, मी तवा काट्यावर होतो ना. तुमच्या खिडकीसमोरच. ताडपत्री बांधाचीच होती. तुमची ते सतरा नंबरची गाठ मांगच्या ओळीत सगळ्यात वरतं होती, तुमच्याकडं तोंड करून. लाल रंगानं हा एवढा मोठा नंबर. मले आरशातून तुमची पाठ दिसून राह्यली होती.” आणि म्हणाले, “एक डाव मान वळवली असती तं दिसला असता.”

त्यांनी ते रागाने म्हटलं नव्हतं. चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मालकांना सांगितलं की चूक माझी होती. मांगचं म्हणजे कोणाचं मांगचं, हे न बघता मी विचारलं. मालक म्हणाले, झालं ते झालं. त्यांना आता त्यात रस नव्हता. मग मी वानखडे साहेबांच्या टेबलापाशी गेले. ते रुईचा पुंजका बोटांत ओढून धागा बघत होते. मी त्यांनाही तेच सांगितलं आणि प्रॉम्प्टवर पुन्हा बसायला या म्हटलं.

त्यांनी पुंजका खाली ठेवला. “मॅडम, ते मले तवाच समजलं होतं,” ते म्हणाले. “तुमी कवा सांगता तेच पाहून राह्यलो होतो.”

मी माझं टेबल फिरवून खिडकीकडे तोंड करून घेतलं. साहेब मात्र निवृत्त होईपर्यंत कागदावरच लिहीत राहिले.